खुळखुळा कुणी वाजवायचा?

कार्ल्याला एकवीरा आईच्या डोंगराच्या पायऱ्या चढू लागलं की दोन्ही बाजूंना ओटीचं सामान, नारळ, हार आणि त्यांच्या वर टांगलेली खेळणी दिसतात. मुंबई आणि रायगडकडची कोळी कुटुंबं बाळाचं जावळ काढायला इथे येतात, आणि डोंगर उतरताना बाळासाठी काहीतरी घ्यायचं म्हटलं की हात आधी खुळखुळ्याकडे जातो. मावळ तालुक्यातल्या वडगाव, कामशेत, लोणावळ्याच्या बाजारपेठेतही वेगळं नाही. बारशाला काय न्यायचं, तर झबलं-टोपडं आणि खुळखुळा. यात एक कोडं आहे, पण सवयीमुळे ते कोडं वाटत नाही. बारा दिवसांच्या बाळाला एखादी वस्तू मनात आणून धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. हातभर अंतरापलीकडचं सगळं त्याला धूसर दिसतं. तीन-चार महिन्यांचं झालं तरी खुळखुळा हातात दिला की तो बहुधा त्याच्याच कपाळावर आपटतो. तरीही याच वयाला हीच वस्तू देण्याची रीत फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीचे पोकळ, गोल खुळखुळे सापडले. त्यांच्या आत मातीच्याच बारीक गोळ्या आणि बाहेरून लाल पट्टे होते. त्यांचं वय चार हजार वर्षांहून जास्त आहे.

आता त्याच दुकानांत ‘सेन्सरी टॉय’ या नावाने नवी खेळणी आली आहेत. दिवे लुकलुकतात, बटण दाबलं की इंग्रजी बालगीत वाजतं, आणि खोक्यावर बाळाच्या मेंदूचा विकास होईल असं लिहिलेलं असतं. या दाव्यामागचं गृहीतक असं, की बाळाचे डोळे-कान म्हणजे भरायची भांडी आहेत आणि जितका जास्त रंग, आवाज, उजेड त्यांत ओतू तितकं बाळ हुशार होईल. गेल्या साठेक वर्षांतलं संशोधन मात्र वेगळी गोष्ट सांगतं. बाळाने काही केलं आणि खेळण्याने त्याला लगेच प्रतिसाद दिला, तर ते खेळणं त्या वयाला कामाचं. आपोआप वाजत राहणाऱ्या खेळण्याकडे बाळ थोडा वेळ बघतं, एवढंच. हे खरं कसं, ते एकेका इंद्रियापासून पाहू.

आवाज आला कुठून?

खुळखुळ्याची रचना अगदी साधी आहे: पोकळ कवच आणि आत सुटे दाणे. तो हलवला की दाणे कवचावर आदळतात, कवच थरथरतं आणि ती थरथर आवाज होऊन बाहेर पडते. दाणे कधी एकदम, कधी मागेपुढे आदळतात, त्यामुळे त्या आवाजात जाड-बारीक अनेक पट्ट्यांचे सूर एकत्र मिसळलेले असतात. बासरीच्या एका लांब सुरापेक्षा असा मिसळीचा, तुटक आवाज कुठून आला हे ओळखणं कानांना सोपं जातं. दिशा ओळखण्यासाठी मेंदू दोन कानांतला फरक मोजतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, डाव्या कानाला किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा कमी. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. नवजात बाळाचं डोकं लहान, म्हणून त्याच्या वाट्याला येणारा फरक सेकंदाचा साधारण अडीच हजारावा भाग. शिवाय डोकं महिन्यागणिक वाढतं, म्हणजे मेंदूला हे गणित पुन्हा पुन्हा नव्याने मांडावं लागतं.

इतकं अवघड काम नवजात बाळाला जमत असेल का? डार्विन म्यूर आणि जेफ्री फील्ड या संशोधकांनी १९७९ मध्ये नेमकं हेच तपासलं, आणि त्यासाठी त्यांनी खुळखुळ्याचाच आवाज वापरला. काही दिवसांच्या बाळांचं डोकं नीट आधार देऊन धरलं आणि एका बाजूने आवाज करत राहिले, तेव्हा बहुतेक वेळा बाळांनी त्याच बाजूला मान वळवली. पण सावकाश. मान वळायला सुरुवात होईपर्यंत दोन-तीन सेकंद आणि पूर्ण वळेपर्यंत आणखी तेवढाच वेळ गेला. घरात आपण दोनदा खुळखुळ करतो, बाळ हललं नाही की खुळखुळा खाली ठेवतो आणि याला अजून काही कळत नाही असं म्हणून मोकळे होतो. बाळ त्या वेळी मान वळवण्याच्या तयारीत असतं. या वयाला खुळखुळा उपयोगी पडतो तो याचसाठी: तो हलवत राहता येतो. टिचकीसारखा एकच छोटा आवाज नवजात बाळाच्या हाती लागत नाही.

पुढे एक विचित्र वळण येतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हीच बाळं आवाजाकडे वळेनाशी होतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा, पहिल्यापेक्षा झटपट वळू लागतात. सुरुवातीचं वळणं मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांच्या हुकमाने आपोआप घडतं आणि नंतर तो कारभार मेंदूचा वरचा थर हाती घेतो, मधला काळ हा त्या हस्तांतराचा, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. दोन महिन्यांच्या बाळाने खुळखुळ्याकडे पाहिलं नाही म्हणून घरात धास्ती पसरते, तेव्हा ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

काळ्या-पांढऱ्या कार्डांचं काय?

नजरेचं प्रकरण त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. नवजात बाळाला वीतभर ते दीड वीत, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पाजताना आईचा चेहरा साधारण एवढ्याच अंतरावर असतो. फिके रंग त्याला वेगळे कळत नाहीत. ठळक कड आणि गडद-उजळ यांतला मोठा फरक कळतो. रॉबर्ट फँट्झ यांनी १९६०च्या सुमारास बाळांपुढे नक्षीचे आणि कोरे पृष्ठभाग ठेवून ती कशाकडे जास्त वेळ बघतात हे मोजलं. नक्षी जिंकली. आजची काळी-पांढरी कार्डं याच निष्कर्षावर उभी आहेत, आणि बाळ त्यांच्याकडे टक लावून बघतं हे खरंच आहे. पण नजर खिळणं म्हणजे बुद्धी वाढणं, ही उडी त्या प्रयोगांनी मारलेली नाही, ती जाहिरातीने मारली आहे. ठळक कडा तर आईच्या कपाळावर केस सुरू होतात तिथेही असतात, तिच्या डोळ्यांत आणि कुंकवातही असतात, आणि हा चेहरा बाळ हसलं की हसतो.

पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्यात मात्र एक चूक सर्रास दिसते. कापडाच्या चिमण्या, पोपट, मोर उभ्याने बघणाऱ्याला छान दिसतील असे शिवलेले असतात. खाली उताण्या पडलेल्या बाळाला त्यांची पोटंच दिसतात, तीही बहुधा एकरंगी. घरी चिमणाळं करणाऱ्यांनी पाखराच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या किंवा लाल कापडाचे पट्टे शिवावेत. विकतची कार्डं घ्यावी लागणार नाहीत.

पायाला बांधलेली फीत

आता मुख्य मुद्दा. कॅरोलिन रोवी-कोलियर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला रमवायला धडपडत होत्या. त्यांनी त्याच्या घोट्याला एक फीत बांधली आणि तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या चिमणाळ्याला. पाय झाडला की चिमणाळं हलायचं. थोड्याच वेळात मुलाला याचा पत्ता लागला आणि तो मुद्दाम पाय झाडू लागला. १९६९ मध्ये यातून निघालेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढची काही दशकं हीच फीत बाळांच्या स्मरणशक्तीचं माप बनली. दोन-तीन महिन्यांची बाळं पाय आणि चिमणाळं यांचा संबंध काही मिनिटांत ओळखतात. दोन महिन्यांच्या बाळाला तो दिवस-दोन दिवस आठवतो, तीन महिन्यांच्या बाळाला आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाला पंधरवडाभर. चिमणाळं तेच, पण फीत सोडून दुसऱ्या कुणी हलवलं तर पायांचं झाडणं वाढत नाही. जॉन वॉटसन यांनी १९७२ मध्ये आठ आठवड्यांच्या बाळांना अशी उशी दिली, की तिच्यावर डोकं दाबलं की वरचं चिमणाळं फिरे. काही दिवसांत ती बाळं त्या निर्जीव वस्तूकडे बघून हसू लागली, हुंकार देऊ लागली. ज्यांचं चिमणाळं आपलं आपणच फिरत होतं, त्या बाळांनी तसा लळा लावून घेतला नाही.

याचं कारण समजायला कठीण नाही. नव्या घरात राहायला गेल्यावर कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, हे आपल्याला कुणी सांगून लक्षात राहत नाही. आपण स्वतः दाबून बघतो, दिवा लागतो आणि ते पक्कं होतं. बाळासाठी स्वतःचं शरीरच नवं घर आहे. हा समोरून जाणारा हात माझा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे त्याला अजून ठरवायचं असतं. हात हलला आणि त्याच क्षणी आवाज झाला, थांबला तेव्हा आवाज थांबला, जोरात हलला तर जोरात झाला, असं वारंवार घडलं की मेंदूला एक पक्का पुरावा मिळतो. आपोआप गाणारं खेळणं हा पुरावा देऊ शकत नाही, कारण बाळाने हात हलवला काय नि न हलवला काय, गाणं तेच राहतं. एकदा बटण दाबून अर्धा मिनिट वाजणारं खेळणंही या हिशेबात फिकं पडतं. करणं क्षणाचं आणि परिणाम अर्ध्या मिनिटाचा, मग कशामुळे काय झालं ते जुळवायचं कसं?

आपल्याकडच्या वाळ्यांची आठवण इथे साहजिक आहे. बाळाच्या पायात घुंगराचे वाळे घातले की प्रत्येक लाथेला आवाज होतो. फितीच्या प्रयोगाचीच ही मांडणी. आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीतही बाळाने पाय झाडले की सगळी झोळी हलते. पाळण्याची दोरी मात्र दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून झोपवायला पाळणा उत्तम आणि शिकायला झोळी बरी, असंही म्हणता येईल. यावरून पूर्वजांना हे सगळं शास्त्र ठाऊक होतं असा निष्कर्ष कुणी काढेल, तर तो मला पटत नाही. वाळे हौसेसाठी घातले जात, दृष्ट लागू नये म्हणून घातले जात, आणि रांगतं मूल कुठे गेलं हे स्वयंपाकघरात बसून कळावं म्हणूनही. हेतू निराळे होते. त्या वस्तूचा बाळाला झालेला उपयोग त्यामुळे कमी ठरत नाही.

मूठ कशी उघडते

नवजात बाळाच्या तळव्याला काही टेकलं की मूठ आपोआप आवळली जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, इच्छा नव्हे. चौथ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान ती विरत जाते आणि तिच्या जागी स्वतःहून धरणं येतं. या सांध्यावरच्या बाळाकडे जवळून बघावं. खुळखुळ्याची दांडी तळव्यात असते, चार बोटं तिच्यावर मिटलेली, अंगठा मात्र अजून बाजूलाच, कामात न आलेला. हात खांद्यातून झोके घेतो, मनगट वळत नाही. आवाज झाला की सगळं अंग क्षणभर थांबतं, डोळे मोठे होतात, मग हात पुन्हा सुटतो, या वेळी जास्त जोरात. ते थांबणं म्हणजे तपासणी आहे.

हात पोचण्याआधीच वस्तू हाती लागली तर काय होतं, हे एमी नीडम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पाहिलं. तीन महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिकटपट्टीचे हातमोजे घातले आणि खेळण्यांनाही तशीच पट्टी लावली. हात नुसता टेकला की खेळणं चिकटून वर येई. असे काही दिवस खेळलेली बाळं पुढे मोजे काढल्यावरही वस्तूंमध्ये जास्त रस घेऊ लागली. करून बघण्याची संधी मिळाली की बघण्याची गोडी वाढते, असा याचा अर्थ. रेचेल क्लिफ्टन यांच्या १९९३च्या प्रयोगात बाळांना पूर्ण अंधारात खुळखुळा वाजवून दाखवला. उजेडात ज्या वयाला ती वस्तूकडे हात नेऊ लागली, साधारण त्याच वयाला अंधारातल्या आवाजाकडेही. स्वतःचा हात दिसत नसतानाही तो कुठे आहे हे त्यांना कळत होतं.

दिवे लागले की बोलणं थांबतं

यावर आक्षेप येईल की दिव्यांची खेळणी निदान बाळाला रमवतात तरी, त्यात तोटा काय? तोटा खेळण्याबाहेर होतो. ॲना सोसा यांनी २०१६ मध्ये दहा ते सोळा महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विजेवर बोलणारी खेळणी, ठोकळ्यांसारखी साधी खेळणी आणि पुस्तकं यांच्याशी ती घरी खेळली आणि संभाषण नोंदलं गेलं. खेळणं बोलू लागलं की आईबाप कमी बोलले, आणि मुलांचेही आवाज कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण त्याची दिशा सहज समजण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मावळच्या दुर्गम वाड्यांवर कातकरी-ठाकर घरांत विकतचं खेळणं नसतंच, मग ती मुलं मागे पडतात का? मुलं मागे पडतात ती कुपोषणामुळे, आजारपणामुळे आणि बोलायला-खेळायला वेळ असलेलं माणूस जवळ नसल्यामुळे. जमैकात किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांसोबत केलेलं काम याचा चांगला पुरावा आहे. काही घरांत दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि आईने मुलाशी कसं खेळावं ते करून दाखवी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. ती मुलं नऊ महिन्यांच्या पुढची होती, तेव्हा हा निष्कर्ष तान्ह्यांना जसाच्या तसा लावू नये. पण खेळणी फुकटची असूनही काम करून गेली, कारण त्यांच्यासोबत माणूस होता. केंद्र सरकारने २०२४ मध्ये अंगणवाडी सेविकांसाठी जन्म ते तीन वर्षांचा ‘नवचेतना’ आराखडा काढला तो याच दिशेचा. मावळातल्या वाडीवर तो पोचणं हे दुकानात नवं खेळणं येण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

चौकट : खुळखुळा घेताना

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून लाखकाम केलेला लाकडी खुळखुळा चिन्हाशिवाय मिळू शकतो. ओल्या फडक्याने पुसून रंग सुटला तर तो देऊ नये. रंग सुटला नाही म्हणजे त्यात शिसं नाही, असं मात्र सिद्ध होत नाही. प्लॅस्टिकचा खुळखुळा दोन अर्धगोल चिकटवून केलेला असतो. सांध्यावर नख फिरवावं, फट लागली तर आतले दाणे कधीतरी बाहेर येणार. दांडीच्या टोकाला बसवलेली शिट्टी हाताने उपटून येत असेल तर तीही नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात मावता कामा नये, असा नियम आहे. वाळ्यांचे घुंगरू त्यात सहज मावतात, म्हणून वाळे घालायचे तर समोर बसून आणि झोपताना काढून. चपटी बटण-बॅटरी असलेलं खेळणं तान्ह्याजवळ ठेवूच नये. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. माळरानावरच्या खुळखुळा नावाच्या झुडपाच्या किंवा तागाच्या वाळक्या शेंगा सुरेख वाजतात, पण त्यांच्या बिया विषारी असतात.

पत्र्यावरचा पाऊस

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत मावळातलं तान्हं बाळ घरातच असतं, पुष्कळदा पत्र्याच्या छताखाली. पत्र्यावरचा पाऊस हाही सगळ्या पट्ट्यांचा मिसळीचा आवाज असल्यामुळे खुळखुळा त्यात बुडतो, बोलणंही बुडतं. मोठ्यांना गोंगाटातून हवा तो शब्द वेगळा काढता येतो, कारण भाषा आधीच ठाऊक असते. बाळाला तीच शिकायची असते, आणि त्यासाठी बोलणं गोंगाटापेक्षा बरंच ठळक लागतं. त्यावर टीव्हीचा आवाज वाढवणं हा सर्वांत वाईट उपाय. बाळाला मांडीवर घेऊन तोंडासमोर बोलावं, खुळखुळा त्याच्या हातात द्यावा. आवाज पोचला नाही तरी दाण्यांचा खडखडाट तळव्याला जाणवतो.

बाळाला ऐकू येतं की नाही, हे घरी खुळखुळा वाजवून ठरवू नये. हजार बाळांमागे एक ते तीन बाळं जन्मतः श्रवणदोष घेऊन येतात. वाजवणाऱ्याचा हात हललेला दिसला, वाऱ्याची झुळूक लागली तरी ती वळतात आणि घरचे निर्धास्त होतात. उलट दोन महिन्यांचं धडधाकट ऐकणारं बाळ वळत नाही. रुग्णालयातली ओएई ही कानांची तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही, आणि ती पहिल्या महिन्यात करून घेतलेली उत्तम.

फेकाफेकीचे दिवस

नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास खुळखुळ्याचं वाजणं मागे पडतं आणि त्याचं पडणं सुरू होतं. मूठ मनात आणून उघडायची कला नुकतीच साधलेली असते, तिचा सराव चालू असतो. बाळ खुळखुळा कडेवरून खाली टाकतं, वाकून बघतं, मग ज्याने उचलून द्यायचा त्याच्या तोंडाकडे बघतं. इथे खेळण्याचा प्रतिसाद आणि माणसाचा प्रतिसाद एकत्र येतात: टाकलं की आवाज होतो, आणि टाकलं की आजी वाकते. दहाव्यांदा उचलताना कंटाळा येतो आणि खुळखुळ्याला दोरी लावून तो पाळण्याच्या कडीला बांधावा असं वाटतं. ती दोरी वीतभरापेक्षा लांब असेल तर गळ्याभोवती फास बसण्याचा धोका असतो, म्हणून पाळण्यात दोरीचं खेळणं ठेवू नये. खुळखुळा खाली पडू द्यावा आणि उचलून, पुसून पुन्हा हातात द्यावा.